कानाडोळा

आमच्या वरच्या मजल्यावर जर्मन राहते. पूर्वी तिथे हायकोर्टात वकिली करणाऱ्या एका गृहस्थांचं बिऱ्हाड होतं, नंतर काही वर्षं शिवणाचा वर्ग चालायचा. आता सकाळ-संध्याकाळ बाहेरच्या जिन्यावरून चपलांचा लोंढा वर जातो. थोडा वेळ बाकं सरकवल्याचे आवाज येतात, आणि मग वीसेक गळ्यांतून एकदम काहीतरी घशातलं, खरखरीत असं उठतं. पहिल्या दिवसांत मला वाटायचं, वर कुणाला तरी ठसका लागलाय. तो जर्मन 'र' असतो. तो शिकवताना मॅडम मुलांना मान वर करून पाण्याशिवाय गुळण्या करायला लावतात.

धरमपेठेला शिकवण्यांचं नवल नाही. लक्ष्मीभुवन चौकातून झेंडा चौकाकडे चालत गेलं तर डॉक्टरांच्या, दागिन्यांच्या, कपड्यांच्या पाट्यांमधून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरच्या पाट्या डोकावतात: आयईएलटीएस, स्पोकन इंग्लिश, फ्रेंच, जर्मन. इथल्या बंगल्यांमधून एके काळी दिवेलागणीला पाढे आणि परवचा ऐकू यायचा असं जुनी माणसं सांगतात. (जुन्या माणसांच्या आठवणीतल्या संध्याकाळी मला नेहमी जरा जास्तच सुरेल वाटत आल्या आहेत.) आता बंगले पडून फ्लॅट झाले आणि पाढ्यांच्या जागी परदेशी क्रियापदं आली, इतकंच. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर सुरू झाले की ती क्रियापदं घरघरीत बुडून जातात. जर्मन ऐकावी ती दिवाळीनंतर. कूलर झाकून ठेवलेले असतात, खिडक्या उघड्या असतात, आणि वरचा शब्दन् शब्द खालच्या ओट्यावर उतरतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीचं उद्दिष्ट दहा हजार जणांचं होतं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक असे. त्या योजनेतून जाणारे किती आणि स्वतःच्या हिमतीवर जाणारे किती, हे मला जिन्याच्या पायथ्याशी बसून सांगता यायचं नाही. पण जिना चढणारे चेहरे बदलले एवढं खरं. आधी म्युनिकला एम. एस. करू पाहणारी इंजिनिअरिंगची मुलं यायची, इंग्रजी शाळांतली, आत्मविश्वासाने चुकणारी. आता पुसदकडची नर्स येते, गोंदियाचा आयटीआय झालेला मुलगा येतो, कामठीची दोघं-तिघं येतात जी घरी उर्दू बोलतात. ही मंडळी चुकायच्या आधीच कानकोंडी होतात.

मॅडम नागपूरच्याच. मला त्या कधीमधी मागच्या बाकावर बसू देतात. तिथून मी पाहिलेली पहिली गंमत दहा या आकड्याची. जर्मनमध्ये दहाला 'च़ेन' म्हणतात. रोमन लिपीत त्याच्या सुरुवातीला 'झेड' असतो, आणि झेड दिसला की आपली इंग्रजीला सरावलेली जीभ 'झेन' म्हणून मोकळी होते. पुसदची मुलगी तसंच म्हणाली. मॅडमनी फळ्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "चमचा म्हण." ती गोंधळून म्हणाली, "चमचा." "आता चमच्यातला पहिला च घे, त्याला एन लाव." मुलगी म्हणाली, "च़ेन." आणि स्वतःच दचकली. शेजारी कामठीचा मुलगा होता. तोही 'चमचा' म्हणाला, पण त्याच्या चमच्यात तो च नव्हताच. उर्दू-हिंदीत चमचा चहाच्या च ने सुरू होतो. त्याला मॅडमनी 'वत्स' म्हणायला सांगितलं, मग 'व' टाकून द्यायला सांगितला. एकाच बाकावर, एकाच आवाजापर्यंत, दोन वाटांनी.

आपण मराठी माणसं दोन च बोलतो आणि एकच लिहितो. चहा आणि चमचा, चार आणि चारा. 'या जगात जगायचं कसं' हे वाचताना दोन ज वेगळे निघतात, आणि ते वेगळे काढायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मराठी मजकूर मोठ्याने वाचणारी यंत्रं नेमकी इथे घसरतात, कारण लिपीत खूणच नाही. त्यांना आजूबाजूच्या शब्दांवरून ताडावं लागतं. पुसदच्या मुलीच्या तोंडात तो च जन्मापासून होता. तिला त्याची खबर नव्हती. बाईंचं काम फक्त खबर द्यायचं.

तसंच 'मी' साठीच्या शब्दाचं. त्याच्या शेवटी एक असा आवाज आहे की कुणी त्याचा 'इच' करतं, कुणी 'इश', कुणी 'इख'. मॅडम म्हणतात, "'ह्या' म्हणा. मोठ्याने नको, कुजबुजत. आता 'या' यायच्या आत थांबा." वर्गात वीस तोंडं अर्धवट 'ह्या' म्हणून थबकतात. खालून ऐकलं तर सगळे एकदम सुस्कारे टाकतायत असं वाटेल. आणि तो फसवा 'उ', जो धड उ नाही धड ई नाही? "ओठांनी उ म्हणा, आत ई म्हणा." एवढंच. त्यासाठी त्यांना जिभेचं चित्र काढावं लागत नाही.

वर्ग सुटला की फोन बाहेर येतात. जिन्याच्या पायऱ्यांवर, गच्चीच्या कठड्याशी मुलं एकेकटी उभी राहून फोनशी जर्मन बोलतात. फोन ऐकतो आणि शब्द रंगवतो: बरोबर तो हिरवा, जेमतेम तो पिवळा, चुकला तो लाल. एकदा गोंदियाचा मुलगा फोन घेऊन परत वर गेला. "मॅडम, मी बरोबर म्हणून राहिलो तरी हे काहून लाल दाखवून राहिलं?" मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, "कारण तुझ्या मागे रिक्षा ओरडतेय. आत येऊन म्हण."

हे यंत्र ऐकतं म्हणजे काय करतं, ते मी जरा वाचून घेतलं. ते आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलांनी तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याला विचारतं, तू कोणता ध्वनी असण्याची शक्यता किती? मग अपेक्षित शब्दाशी ते तुकडे जुळवतं आणि जिथे शक्यता कमी पडते तिथे लाल रंग देतं. केंब्रिजच्या सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी 2000 साली अशा मोजणीची एक पद्धत मांडली. आजची यंत्रं पुष्कळ पुढे गेली असली तरी उच्चाराला गुण देण्याच्या चर्चेत ती अजून भेटते. यात हुशारी आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण हे मोजणं मुक्कामाच्या बाजूने होतं. जर्मन माणसाच्या तोंडच्या ध्वनीपासून तुम्ही किती लांब, ते यंत्र सांगतं. मॅडम निघाल्या गावाकडून पाहतात: पुसदहून की कामठीहून, चमच्यावरून की वत्सावरून. मातृभाषा सांगितली तर तशा वाटा दाखवणारी यंत्रंही येतील, काही येतही आहेत. तेव्हा त्यांना पुसदची मराठी आणि पुण्याची मराठी वेगवेगळी ऐकू येईल का, हा खरा प्रश्न. यंत्राचा कान ज्यांच्या आवाजांवर घडतो त्यांनाच तो नीट ऐकतो. अमेरिकेत 2020 साली पाच बड्या कंपन्यांची आवाज ओळखणारी यंत्रं तपासली गेली, तेव्हा गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी 19 शब्द चुकत होते आणि काळ्या माणसांच्या बोलण्यात 35. बोलणारे दोघेही अमेरिकन, दोघांची मातृभाषा इंग्रजी.

आमच्या पिढीचा पहिला बिनशरीरी मास्तर रेडिओ होता. नागपूर आकाशवाणी 1948 सालची. घरात बातम्या लागल्या की आई हातातलं काम थांबवायची, बातमीसाठी कमी आणि उच्चारासाठी जास्त असं मला वाटायचं. त्या आवाजांतला ण बाणासारखा सुटायचा, ळ नीट वळायचा, पोटफोड्या ष सुद्धा कधीकधी आपला मान राखून घ्यायचा. आम्ही त्यामागून म्हणत असू. रेडिओला मात्र तोंड होतं, कान नव्हते. आम्ही काय म्हणतोय ते त्याला ऐकू येत नसे, आणि त्याचं आम्हाला बरंच वाटे.

कारण ऐकणारी माणसं हसायची. वऱ्हाडात 'केळी'ची 'केयी' होते. भंडारा-गोंदियाच्या झाडीबोलीत 'डोळा' 'डोरा' होतो आणि ण तिथे वस्तीलाच नसतो. इंग्रजी अमलात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने त्या पाहणीच्या 1905 च्या मराठीवरच्या खंडात वऱ्हाडी-नागपुरीची नोंद भाषेचं एक रूप म्हणून केली. आपल्या शाळांनी तिची नोंद बहुतेक वेळा चूक म्हणून केली. वक्तृत्व स्पर्धेत एखाद्या पोराने 'पानी' म्हटलं की परीक्षकांच्या टेबलाशी ओठ हलायचे, आणि तो पोरगा पुढच्या वर्षी नाव द्यायचा नाही. त्याचा ण सुधारायचा नाही, त्याचं बोलणं बंद व्हायचं. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 1975 साली रंगभूमीवर आणलेली 'ती फुलराणी' लोकांना आठवते ती भक्ती बर्वेंच्या एका स्वगतासाठी. सगळं प्रेक्षागृह त्या स्वगताला टाळ्या देतं, आणि टाळ्या देणाऱ्यांतले निम्मे दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाच्या तरी 'न'ला हसत असतात. त्या नाटकातल्या फुलवाल्या मंजुळेचा राग व्याकरणावर नसतो. आपल्या तोंडाकडे कुणीतरी नमुना म्हणून पाहतं, त्यावर तो असतो.

फोन हसत नाही. तो उसासा टाकत नाही, घड्याळ पाहत नाही, शेजारच्या हुशार मुलीकडे वळत नाही. पुसदची मुलगी रात्री पी. जी.च्या गच्चीवर एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणते, फोन पुन्हापुन्हा लाल होतो, आणि त्या लालात अपमान नसतो. मॅडम स्वतः म्हणतात, सराव फोनकडे द्यावा. वीस जणांचा एकेक स्वर रोज शंभरदा ऐकायला माझे कान लोखंडाचे नाहीत. शाळांमध्येही हेच होऊ लागलंय. गूगलचं वाचन शिकवणारं ॲप 2019 साली हिंदी-इंग्रजीत आलं, पुढच्या वर्षी मराठीतही. त्यातली दिया नावाची मुलगी पोरांचं वाचन ऐकते, अडखळलं की शब्द सांगते. मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं 'तारा' केंद्रीय विद्यालयांतल्या मुलांचं वाचन ऐकून मिनिटाला किती शब्द बरोबर आले आणि वाक्य कसं तोडलं ते पाहतं. जाता जाता: 'पाणिनीय शिक्षे'त वाईट वाचणाऱ्यांचे सहा प्रकार सांगितलेत, त्यात भरभर वाचणारा आहे, गात वाचणारा आहे, मान हलवणारा आहे आणि अर्थ न कळता वाचणाराही आहे. मिनिटाला शब्द मोजणाऱ्यांनी ती यादी जवळ ठेवावी.

'शिक्षा' हे वेदांगच उच्चाराचं. संथा द्यायची पद्धत अशी की गुरू एकदा म्हणणार, शिष्य मागून म्हणणार, आणि स्वर चढला-उतरला की गुरू शिष्याचं डोकं हाताने वर-खाली करणार. स्वर मानेत बसेपर्यंत. वेदपठणाची ही परंपरा 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि नागपुरात भोसला वेदशास्त्र महाविद्यालय आहेच. माणसाने माणसाला उच्चार देण्याची याहून बारीक, याहून देहाजवळची रीत जगात थोडी असेल. पण तो हात कुणाच्या डोक्यावर पडत होता? बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच माणसाने 1922 साली जर्मनीत, बॉनच्या विद्यापीठात नाव घातलं. धरमपेठेतून दीक्षाभूमीकडे रिक्षाने जायला फार वेळ लागत नाही, आणि जाताना दर वेळी माझ्या मनात येतं की जर्मन शिकायला जिना चढणाऱ्या आमच्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. म्हणून 'यंत्राला माणसाचा स्पर्श नाही' असा गळा काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. माणसाचा स्पर्श सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हता. फोन जात विचारत नाही.

मग मॅडम कशाला हव्यात? हे मला वरच्या मजल्यावरच्या एका संध्याकाळी दिसलं. गोंदियाचा मुलगा, जो महिनाभर विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हता, तो अचानक आपणहून उठला आणि जर्मनमध्ये वडिलांविषयी बोलायला लागला. वडील धानाच्या गिरणीत कामाला आहेत, त्यांना पहाटे उठावं लागतं, असं काहीतरी. च़ चुकला, उ-ई चुकला, लिंग चुकलं, क्रियापद भलत्याच जागी जाऊन बसलं. मी मॅडमच्या हातातल्या पेनाकडे पाहत होते. ते हललं नाही. त्यांनी जर्मनमध्येच विचारलं, किती वाजता उठतात? तो म्हणाला, चार. गिरणी लांब आहे का? तो बोलत राहिला. जिन्यावर मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "सगळं ऐकलं हो मी. फोन असता तर झाडून सगळं लाल झालं असतं. पण आज उच्चार नाही. आज तो बोलला." पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याचा एकच आवाज धरला. बाकीचे तसेच सोडले. त्यातले काही, मला वाटतं, कायमचे.

सोडायचं काय आणि धरायचं काय, यात त्यांचा हिशेब पक्का आहे. घशातला र सोडून द्यायचा. गुळण्या करून घ्यायच्या त्या कान तयार व्हावा म्हणून आणि वर्ग हसावा म्हणून. परीक्षेत आणि पुढे मराठी र चालतो, बव्हेरियात कितीतरी जर्मन माणसं तसाच जिभेचा र म्हणतात. पण पंधरा आणि पन्नास? तिथे त्या कुणाला सोडत नाहीत. जर्मनमध्ये हे दोन आकडे सुरुवातीला सारखे आणि शेवटाला जेमतेम वेगळे: एकाच्या शेवटी 'च़ेन', दुसऱ्याच्या शेवटी तो कुजबुजता 'ह्य'. "औषधाचे थेंब मोजताना तू पन्नास ऐकलंस आणि सांगणारी पंधरा म्हणाली होती, तर?" नर्स मुली गंभीर होतात. ॲपसाठी हा शब्द इतर शब्दांसारखाच एक शब्द. लाल तर लाल, हिरवा तर हिरवा. मॅडमना वॉर्ड दिसतो. कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 साली दाखवलं होतं की परका हेल ठळक असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं; हेल आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅडमनी ते वाचलंय की नाही, मी विचारलं नाही. वीस तोंडांसमोर रोज उभं राहणाऱ्याला ते आपोआप कळत असावं.

यंत्र सगळं ऐकतं. उद्या ते याहून बारीक ऐकेल, वऱ्हाडी हेलातूनही ऐकेल, वाटाही दाखवेल, कदाचित आवाज बदलूनच देईल. कॉल सेंटरांत बोलणाऱ्याचा हेल जागच्या जागी बदलणारी सॉफ्टवेअर आताच विकली जातायत. पण ऐकूनही आज ऐकलं नाही असं करणं, आणि ते का केलं याचा जाब स्वतःला देणं, हे मला अजून त्या वर्गातच पाहायला मिळतं. वाईट शिक्षकालाही ते येत नाही, हेही कबूल करायला हवं. तसल्या शिक्षकापेक्षा गच्चीवरचा फोन शतपटीने बरा.

मागच्या महिन्यात मॅडमनी वर्गाला एक जाहिरात सांगितली. बाडेन-व्युर्टेम्बर्ग, जिथे या मुलांतली बरीचशी जाऊ पाहतात, त्या राज्याने 1999 साली स्वतःची एक मोहीम काढली होती. तिचा आशय असा की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन तेवढी बोलता येत नाही. मोटारी बनवणारं श्रीमंत राज्य, आणि ते देशभर फलक लावून आपल्या बोलीची मिजास मिरवत होतं. श्टुटगार्टच्या आसपासची श्वेबिश बोली 'स्ट' दिसला की 'श्ट' म्हणते, शब्दांच्या शेपट्या खाते, आणि तिथल्या वॉर्डातला म्हातारा पेशंट रात्री दोन वाजता पाणी मागेल ते ॲपच्या जर्मनमध्ये मागणार नाही.

वर्गात खसखस पिकली. मागून गोंदियाचा मुलगा, आता पुष्कळ धीट झालेला, म्हणाला, "म्हंजे थे बी आपल्यासारखेच हायेत का जी, मॅडम?"

"तेच," मॅडम म्हणाल्या. "पण परीक्षा घेणारे तसे नाहीत. पुस्तक उघड."